पिशवींतील दोन वजनें

अनुवादाच्या पंचविसाव्या अध्यायांत, तेराव्या ओवीपासून पुढें, मोशे इस्राएल लोकांस बाजाराविषयीं एक आज्ञा सांगतो. एकाच पिशवींत लहानमोठीं अशीं दोन तऱ्हेचीं वजनें कोणीं बाळगूं नयेत. जें असेल तें पुरें व खरें असावें, असा तिचा भाव आहे. आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत हा भाग वाचला म्हणजे सर्वांच्या नजरा वाण्याकडे वळतात. प्रिय बंधुभगिनींनो, आज त्या नजरा आम्हांकडेच वळाव्या अशी इच्छा आहे.

पुण्यास गेलों म्हणजे आम्ही मंडईंत एक फेरी घालतोंच. ही इमारत 1886 सालीं उभी राहिली व तीस त्या वेळचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचें नांव मिळालें. जोतिराव फुले नगरपालिकेचे सभासद असतां त्यांनीं हिच्या खर्चास विरोध केला होता. हा पैसा लोकांच्या शिक्षणाकडे लागावा, हें त्यांचें म्हणणें. पुढें त्याच इमारतीस त्यांचेंच नांव देण्यांत आलें! असो. येथें भाजीबरोबर जगाचा न्यायनिवाडाही होतो, म्हणून पुणेकर थट्टेनें ह्या जागेस विद्यापीठ म्हणतात.

ऑक्टोबर 2021 मध्यें आम्ही तेथें मेथी घेत उभे होतों. मुंबईहून गोव्याकडे निघालेल्या एका जहाजावर अमली पदार्थविरोधी खात्यानें धाड घातली होती, व प्रसिद्ध नट शाहरुख खान यांचा मुलगा आर्यन यास धरलें होतें. एक गिऱ्हाईक म्हणे, अशा पोरास वर्षभर आंतच ठेवावें म्हणजे बापाची मस्ती उतरेल. दुसरें म्हणे, मोठ्यांचीं पोरें असें करावयाचींच, त्यांस कोण विचारतो? दोघेंही हसत होतीं. त्या मुलाजवळ कांहींच सांपडलें नव्हतें, ही गोष्ट वर्तमानपत्रांत छापली होती. पण ती कोणाच्या तराजूंत पडली नाहीं. 28 ऑक्टोबरास उच्च न्यायालयानें त्यास जामीन दिला, आणि मे 2022 मध्यें पुरेसा पुरावा नसल्यामुळें त्याच खात्यानें त्याचें नांव आरोपपत्रांत घातलें नाहीं.

ह्यापूर्वीं एक वर्ष ह्याहूनही कठीण प्रकार झाला होता. 14 जून 2020 रोजीं सुशांत सिंह राजपूत हा तरुण नट मरण पावला. त्याची मैत्रीण, नटी रिया चक्रवर्ती, हिला गांजासंबंधींच्या प्रकरणांत सप्टेंबरांत अटक झाली व ती सुमारें महिनाभर तुरुंगांत राहिली. त्या दिवसांत तिजविषयीं काय काय बोललें गेलें! तिनें जादूटोणा केला, असेंही लोक बोलले. खेड्यांतील एखाद्या विधवेस चेटकीण ठरविलें तर आम्ही त्यास अज्ञान म्हणतों; तेंच दूरचित्रवाणीवर झालें तेव्हां आम्ही जेवण पुढें घेऊन पाहत बसलों. आणि हेंही लक्षांत घ्या कीं, पुरुषानें चिलीम ओढली तर ती मौज ठरते, व स्त्रीचें नांव आलें कीं ती घरबुडवी ठरते.

तिचा जामिनाचा अर्ज उच्च न्यायालयापुढें आला तेव्हां सरकारपक्षाचें म्हणणें असें पडलें कीं, प्रसिद्ध माणसांकडे तरुण पिढी पाहते, यास्तव त्यांस अधिक कडकपणें वागवावें. न्यायमूर्ति सारंग कोतवाल यांनीं तें मान्य केलें नाहीं. नांवाजलेल्या माणसास कायद्यापुढें जशी विशेष सवलत नाहीं, तसा विशेष बोजाही नाहीं, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. आम्हांस तो वाचून मोशेच्या वजनांची आठवण झाली. मार्च 2025 मध्यें केंद्रीय अन्वेषण खात्यानें त्या मृत्यूचा तपास बंद करण्याविषयीं अहवाल दाखल केला. आमच्या गांवीं ज्यांनीं पांच वर्षांपूर्वीं निकाल देऊन टाकला होता, त्यांपैकीं कोणीं एक शब्दही परत घेतल्याचें आमच्या ऐकण्यांत नाहीं.

याकोबानें आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायांत, सोन्याची आंगठी घातलेला मनुष्य सभेंत आला म्हणजे मंडळी कशी धांवते, तें दाखविलें आहे. त्यानें पक्षपाताची एक बाजू सांगितली. दुसरी आम्हीं पाहिली. ज्यास आधीं वरच्या बाकावर बसविलें, त्याचा पाय घसरतांच त्यास तुडविण्यांतही तीच मंडळी पुढें असते.

आतां आमच्या घरचें वजन पाहूं. महाशिवरात्रीस गांवांत भांग घोटली तर ती रीत, पाराखालीं बुवांची चिलीम फिरली तर ती भक्ति, आणि नटाच्या मुलाच्या खोलींत तीच वनस्पति असेल असा नुसता संशय आला तर ती देशबुडवी! कायद्याची कथाही वांकडीतिकडीच आहे. इंग्रजी अमदानींत गांजा सरकारी परवान्यानें विकला जाई. अहमदनगर जिल्ह्यांत, ज्यास आतां अहिल्यानगर म्हणतात व जेथें आमच्या कितीएक मंडळ्या आहेत, त्याचें पीक निघत असे. 1893 सालीं नेमलेल्या कमिशनानें पुढील वर्षीं अहवाल दिला. माफक सेवनानें फारसा अपाय दिसत नाहीं, अतिरेकानें होतो, सबब सरसकट बंदी न करितां कर व नियंत्रण असावें, असें त्यांत होतें. 1985 च्या कायद्यानें गांजा व चरस यांस बंदी घातली. नुसतें पान व्याख्येबाहेर राहिलें, म्हणून भांग उरली.

हें सांगतों म्हणून कोणीं असें समजूं नये कीं, आम्ही गांजास निरुपद्रवी म्हणतों. कोंवळ्या वयांत नित्य ओढणाऱ्याची स्मरणशक्ति व एकाग्रता ढिली पडते, आणि कित्येकांस वेडाचा झटका येण्याचा धोका वाढतो. हें डॉक्टर सांगतात, व आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे.

तें पाहिलें तें येणेंप्रमाणें. आमच्या ओळखीच्या एका मंडळींतील एक तरुण पुण्यास कामास होता व टाळेबंदींत घरीं परतला होता. सप्टेंबर 2020 मध्यें एका संध्याकाळीं त्याच्याच ओसरीवर आम्ही चारपांच वडील मंडळी बसलों होतों, आणि प्रार्थना आटोपल्यावर त्या नटीचा विषय निघाला. कोणी म्हणाला, अशांस गांवांत पाऊल ठेवूं देऊं नये. आम्हीं त्यास अडविलें नाहीं. उलट एक वाक्य आम्हींही जोडलें, तें आज लिहिण्याची लाज वाटते. तो मुलगा दाराआड होता. दोन वर्षें तो गांजा ओढीत होता व सोडावा म्हणून तळमळत होता. पुढें 2022 सालीं, त्याची झोप व अन्न दोन्हीं तुटल्यावर, गोष्ट उघडकीस आली. आधीं कां सांगितलें नाहींस, असें आम्हीं विचारिलें. तो म्हणाला, “पाळकसाहेब, सांगणारच होतों. पण माझा निकाल तुम्हीं त्या रात्रीं ओसरीवरच दिला.”

प्रचारक बंधूंनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. त्याच 1985 च्या कायद्यांत 64-अ हें कलम आहे. व्यसनी मनुष्य आपण होऊन सरकारमान्य ठिकाणीं उपचारास गेला व तो पुरा केला, तर सेवनाबद्दल किंवा अल्प प्रमाणाबद्दल त्याजवर खटला होत नाहीं. पुण्यांत डॉ. अनिल व डॉ. सुनंदा अवचट यांनीं 1986 सालीं मुक्तांगण सुरू केलें, तेव्हां शहरांतील तरुण गर्दाच्या पायीं मरत होते. आजारी म्हणून त्यांस जवळ घेणारें तें दार होतें. आमच्या खेड्यांतील कितीएक आईबापांस असें कांहीं असतें हेंच ठाऊक नसतें, आणि ज्यांस ठाऊक असतें ते लोक काय म्हणतील ह्या भयानें जात नाहींत. हें भय त्यांच्या मनांत कोणीं घातलें? आम्हींच घातलें, ओसरीवर बसून.

त्या तरुणास मे 2022 च्या अखेरीस पुण्यांतील एका व्यसनमुक्ति केंद्रांत दाखल करून त्याचा बाप व आम्ही परत निघालों. गाडीस अवकाश होता म्हणून मंडईंत शिरलों. त्याच आठवड्यांत आर्यन खानाची बातमी आली होती. गाळ्यापाशीं एक जण हसून म्हणाला, “पैशानें सुटला!” दुसऱ्यानें मान डोलविली. आमचे सोबती आयुष्यांत एकदांही सिनेमागृहांत गेलेले नाहींत. त्यांनीं हळूच विचारलें, “हा पोरगा आंत व्हता तवा त्याच्या आईला झोप लागली असंल का हो?”

आम्हीं उत्तर दिलें नाहीं. भाजीवालीनें कैऱ्या तोलून पिशवींत घातल्या, आणि आम्ही स्टेशनाच्या वाटेस लागलों.