एका दमात चार कामं

दारव्हा तालुक्यातलं गाव, थोडी कोरडवाहू कपाशी आणि नववीतला पोरगा. शाळेतून येणारी तक्रार ठरलेली: वही अर्धी कोरी, येत असलेलं उत्तरही पेपरात सोडून दिलेलं, डबा बाकाखाली विसरलेला. बाप भडकायचा. "मुद्दाम करते हे पोट्टं! फवारणीचा पंप खोलून दोन घंटे बसते, तवा बरं ध्यान लागते!"

असा दाखला घरोघरी देतात, कुठं क्रिकेटचा, कुठं मोबाइलचा. दाखला खोटा नसतो, त्यातून काढलेला अर्थ चुकतो.

शेवटी यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पोराचा केसपेपर काढला, तिथंही बापानं पंपच पुढे केला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "लक्ष आहेच की. हवं तिथं वळवता येत नाही, तोच एडीएचडी." मग विचारलं, हे १२ वर्षांच्या आधीपासून आहे का? शाळेतच, की घरीही?

आजी सोबत होती. "अवो, याचा बाप बी असाच. बैलं पाण्यावर नेले अन् तिथंच सोडून आला होता."

बाप खिडकीबाहेर पाहू लागला. हे पुष्कळदा घराण्यातूनच येतं, एवढंच बोलून बाईंनी वाचन-लेखनाची वेगळी तपासणी लिहून दिली. कारण दिव्यांगांच्या २०१६च्या कायद्यात अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडीचं नाव नाही. परीक्षेतल्या सवलती मागताना हा फरक आडवा येतो.

दुसऱ्या दिवशी गोठ्यातून बापाची नेहमीसारखीच हाक. "बैलाले कुटार टाक, दुकानातून तेल आण, काकाले निरोप दे अन् मंग गणितं कर!" पोरगा तेल घेऊन आला. बैल उपाशीच. बापाचा हात उठला तशी माय मधे आली. "चार सांगतले, एक झालं. उद्या एकच सांगून पाहा."

बापाला हे लाडच वाटले. तरी त्यानं नुसतं "कुटार टाक" म्हणून पाहिलं. पडलं. गणितंही माय एकेक उघडी करू लागली, खालची वर्तमानपत्रानं झाकून. दोन झाली की अंगणात एक चक्कर.

घटक चाचणीत मार्क काही उड्या मारून वाढले नाहीत. पेपर मात्र शेवटच्या प्रश्नापर्यंत लिहिलेला होता.

बाप शाळेत गेला. सर म्हणाले, "एवढ्या पोरांत एकालाच वेगळं कसं शिकवू?"

"वेगळं नोका शिकवू, सर. एकदम चार गोष्टी तेवढ्या नोका सांगू त्याले. मले बी ध्यानात राहत नाहीत."

सरांनी हजेरीपट मिटला. "बसा. त्याला आधी कोणती सांगू?"