पाऊल चोरणारी घोडी

दिवाळी सरली की न्हावऱ्याच्या रस्त्यावर पहाटे टापा वाजू लागतात. शिरूरहून चौफुल्याकडे जाणारा हा रस्ता पारगावपाशी भीमा ओलांडून दौंड तालुक्यात उतरतो. उजाडायच्या आत मेंढरांचे वाडे हलतात. पुढे मेंढरं, मागे बिऱ्हाड लादलेली घोडी. पाठीवर भांडी, मेंढरं कोंडायची वाघर, घोंगड्या, त्यांच्यावर पाय बांधलेल्या कोंबड्या आणि वाकळेच्या घडीत दोन दिवसांचं कोकरू.

परवा अंगणात चूळ भरताना तो आवाज कानाला खटकला. घोडं डांबरावर चालतं तेव्हा चार टापा सारख्या अंतरानं पडतात. त्या दिवशी तीन खणखणीत पडत होत्या आणि चौथी दबकी. घोडी पाऊल चोरत होती.

मी रस्त्यावर पोचेपर्यंत तिच्यासोबतची म्हातारी थांबलीही होती. माझ्याआधी तिनं ऐकलं होतं. तिनं पायाला हात लावला नाही, आधी ओझं उतरवलं. कोंबड्या, भांडी, कोकरू, सगळं रस्त्याच्या कडेला.

"काय झालं, मावशी?"

"बघू दे की बाबा. तिला काय बोलता येतंय?"

मग तिनं नातवाच्या हातात दोर दिला आणि घोडीला सरळ रेषेत दुडकी पळवायला सांगितलं. पंधरा-वीस पावलं पुढे, तेवढीच मागे. मावशी पायांकडे बघत नव्हती, मानेकडे बघत होती. पुढचा दुखरा पाय टेकला की घोडं मान वर उचलतं, म्हणजे त्या पायावरचा भार हलका होतो. चांगला पाय टेकला की मान खाली येते. दुखणं मागच्या पायात असेल तर कमरेचं हाड एका बाजूला जास्त वर-खाली होतं. पशुवैद्यही आधी हेच बघतात: कडक, सपाट जमीन, सैल दोर आणि दुडकी चाल. घोड्याच्या वजनातला 60 टक्क्यांच्या आसपास भार पुढच्या पायांवर असतो. म्हणून लंगडणं बहुतेकदा पुढून असतं, आणि पुढच्या पायातही ते बहुतेकदा खुरातच निघतं.

घोडं दुखण्यानं ओरडत नाही. पळून जीव वाचवणारं हे जनावर आहे. माळावर जे लंगडताना दिसलं तेच वाघा-लांडग्याच्या तोंडी जायचं. दुखणं लपवणं त्याच्या रक्तात आहे. भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला, हे कोडं आपण सगळ्यांनी लहानपणी घातलंय. तिन्हींचं उत्तर एकच, फिरवलं नाही म्हणून. ते उत्तर आपल्या अंगात इतकं भिनलंय की घोडा अडला की आपल्याला त्याचा आळस दिसतो, हट्ट दिसतो. पायात दुखत असेल तर मात्र फिरवणं हाच घात असतो.

हा घात माझ्याच घरात झालाय. पंचवीसेक वर्षांपूर्वी आमच्याकडे घाटाची, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवरची, घोडी होती. आपल्या शिरूर-आंबेगाव-खेडकडे बैलगाड्याच्या शर्यतीत बैलांच्या पुढे घोडी पळते, ती त्यातली. एका सकाळी तिच्या पुढच्या डाव्या पायाची मागची शीर, डॉक्टर जिला कंडरा म्हणतात ती, किंचित फुगलेली होती. हात लावला तर गरम. यात्रा दोन दिवसांवर. आम्ही गरम तेलानं पाय चोळला, वर चिंधी आवळून बांधली आणि घोडी पळवली. तीन गोष्टी केल्या आणि तिन्ही उलट्या केल्या. ताज्या सुजेला थंडावा लागतो, गार पाण्याची धार पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. पट्टी बांधायची तर आत कापसाचा जाड थर हवा आणि ताण सगळीकडे सारखा हवा, नाहीतर पट्टीच शिरेला कापते. आणि विसावा. गुडघ्याखाली घोड्याच्या पायात मांस जवळपास नसतंच, हाड, शिरा आणि कातडी एवढंच. फाटलेली कंडरा भरून यायला नऊ महिने, वर्ष, कधी त्याहूनही जास्त लागतं. आमची घोडी पुन्हा घाटात उतरली नाही. ती बरीच वर्षं जगली, आणि गोठ्यात मला बघून पुढे यायची तेव्हा तो डावा पाय मागे राहायचा. ते मला अजून दिसतं.

तेव्हापासून मी उलट्या हातानं पाय तपासायला शिकलो. तळहातापेक्षा हाताच्या पाठीला उष्णता लवकर कळते. एक पाय चाचपून काही कळत नाही, शेजारचा पाय लगेच चाचपावा, फरक आपोआप बोलतो. घोट्याच्या मागे दोन्ही अंगांना बोटं ठेवली की नाडी लागते. ठणठणीत घोड्यात ती शोधावी लागते; बोटाखाली ठोके घालत असेल तर खुराच्या आत काहीतरी पेटलंय. कधी पू धरलेला असतो, आणि तेव्हा घोडं पाय असा उचलून धरतं की हाडच मोडलं असं वाटावं. कधी धान्याच्या पोत्यात तोंड घातल्यावर खुरांच्या आतला जिवंत थर सुजतो. मग घोडं पुढचे पाय लांब टाकून टाचांवर रेलून उभं राहतं. असं दिसलं की एक तासही थांबू नये.

सांध्याजवळची जखम तर बारीक दिसली तरी मोठीच मानावी. तिच्यातून पिवळसर, चिकट, तार धरणारं पाणी आलं तर सांधाच उघडा पडलाय. हळद, राख, ग्रीस काही भरू नये. स्वच्छ पाण्यानं धुवावी, स्वच्छ फडक्यानं झाकावी आणि 1962 ला फोन लावावा, पशुवैद्यकाची गाडी त्या नंबरवर मिळते. खुरात खोल खिळा घुसला असेल आणि डॉक्टर लवकर येणार असतील तर तो उपटू नये, किती खोल आणि कोणत्या दिशेनं गेलाय ते त्यांना बघू द्यावं. घरातली माणसांची वेदनाशामक गोळी देऊ नये. डायक्लोफेनॅक तर 2006 पासून जनावरांसाठी बंदच आहे. गिधाडं त्यानंच संपत आली. आणि धनुर्वाताची सुई कधीच चुकवू नये. या रोगाला घोड्याइतकं लवकर बळी पडणारं जनावर क्वचितच असेल.

मावशींच्या घोडीच्या खुरात बाभळीचा काटा निघाला. तळव्याच्या मधल्या मऊ भागाशेजारच्या खाचेत, अर्ध्या बोटाएवढा, टोकासकट. मी घरातून कोमट मीठपाणी आणलं, तिनं पाय धुतला, घोडी तोवर तिच्या खांद्यावर हनुवटी ठेवून उभी होती. मागच्या पायाच्या घोट्यावर दोराचा जुना वण होता. पायबंद हा शब्द आपण भ्रष्टाचाराला, महागाईला सहज घालतो; तो मुळात या कातडीवर घातलेला दोर आहे. मी तो वण दाखवला. मावशी म्हणाली, "ते माझंच चुकलं. आता चिंध्या गुंडाळून बांधते."

ही बुटकी, काटक, माळरानावर पोसलेली भीमथडीची जात. भीमेच्या दोन्ही थड्यांवर वाढली म्हणून भीमथडी. आजच्या दौंडचा मुलूखही पूर्वी भीमथडी तालुक्यात मोडायचा. याच तट्टांनी यमुनेचं पाणी प्यायल्याचा अभिमान आपण बोलण्यात मिरवतो. शिरूरला, जुन्या माणसांच्या घोडनदीला, इंग्रजांनी घोडदळाची छावणीही ठेवली होती. छावण्या गेल्या, फौजा गेल्या. जात टिकली ती धनगरांच्या बिऱ्हाडाखाली, आणि अलीकडे कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनं तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. मला वाटतं, त्या नोंदीत मोठा वाटा अशा मावश्यांचा आहे.

फोन लागला, सुईची व्यवस्था पुढच्या गावात झाली. आता ओझ्याचा प्रश्न होता. मी म्हटलं, "आजचा दिवस इथंच थांबा, अंगण मोकळंय." मेंढरं पुढे गेली होती, थांबणं शक्य नव्हतं. मावशींनी वाघर दुसऱ्या घोड्यावर टाकली, कोंबड्या नातवाकडे दिल्या, भांड्यांची चवड डोक्यावर घेतली आणि कोकरू पदरात बांधलं. घोडी रिकाम्या पाठीनं त्यांच्या मागे निघाली. मी फाटकापाशी उभा राहून वळणापर्यंत टापा ऐकत होतो. चौथी अजून दबकीच होती, पण पडत होती.