माशांविना टाकी

अंबडला मत्स्योदरी देवीचं देऊळ माशाच्या आकाराच्या टेकडीवर आहे. त्याच गावातल्या नववीतल्या एका मुलीला मासे पाळायची फार हौस. मामाने जालन्याहून दोन फुटी काचेची टाकी, रंगीत खडे, प्लास्टिकची झाडं आणि डझनभर गोल्डफिश आणून दिले. आठवड्यात पाणी गढूळलं. मुलीने सगळं पाणी ओतून दिलं, खडे घासून काढले आणि नळाचं ताजं पाणी भरलं. निम्मे मासे तेव्हाच गेले, उरलेले पुढच्या धुलाईत.

आठवड्यातून एकदा नळ येणाऱ्या घरातली ती बादल्यांची उधळण आजीला बघवेना. ती म्हणाली, "आपल्या हिरीतल्या मासळ्यांचं पाणी कोण बदलतं गं?"

मुलगी हा प्रश्न घेऊन विज्ञानाच्या सरांकडे गेली. सरांना तो फार आवडला. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो आणि तोच माशांना मारतो, असं त्यांनी सांगितलं. विहिरीत, तळ्यात तो जिवाणू आणि पाणवनस्पती संपवतात. हे जिवाणू खड्यांवर वस्ती करतात. मुलीने खडे घासले तेव्हा तीच वस्ती धुऊन गेली, आणि नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने उरलंसुरलं मारलं. अमेरिकेतल्या डायना वॉलस्टॅड यांनी १९९९ साली पुस्तक लिहून मातीच्या थरावर दाट वनस्पती लावलेली टाकी कशी राखायची ते मांडलं. सरांनी तीच रीत तिला दिली.

गणपती उठल्यावर मुलीने काम सुरू केलं. कपाशीच्या शेतातली माती घेतली नाही, कारण तिच्यात फवारणीचं औषध असतं. परसातली माती चाळून इंचभर पसरली, तिच्यावर धुतलेल्या वाळूचा इंचभर थर दिला. आपल्याकडच्या तळ्यांत उगवणारं हायड्रिला आणि लांब पातीची वॅलिसनेरिया दाट लावली, इतकी की वाळू दिसेना. वाळू उसळू नये म्हणून ताटलीवर धार धरून, दोन दिवस उघडं ठेवलेलं पाणी भरलं. दिवा रोज आठ तास.

नवरात्रात देवीच्या यात्रेला पाहुणे आले. काचेवर हिरवा थर होता, पाणी चहासारखं पिवळट. मामा हसला, "माशांविना टाकी? उद्याच चार मासे आणतो."

"नको मामा. अजून झाडं रुजली नाहीत."

पाहुण्यांसमोर असं म्हणणं त्या वयात सोपं नव्हतं. मला या गोष्टीत सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. पाणी पुन्हा ओतून देण्याचा मोह तिलाही झाला होता. तिने फक्त काच पुसली.

दिवाळीपर्यंत नवी पालवी वर आली, पाणी नितळ झालं. मग तिने आरोग्य केंद्रातून गप्पी मासे आणले, डासांच्या अळ्या खाण्यासाठी पाळतात तेच. पाचच आणले. रात्री वनस्पतीही ऑक्सिजन घेतात, म्हणून गर्दी नको, असं सरांनी बजावलं होतं. खाद्य चिमूटभर, तेही दोन मिनिटांत संपेल एवढंच.

वैशाखात नळ लांबला, वीजही जायची. टाकीत मोटार नव्हतीच, त्यामुळे दिव्याखेरीज काही बंद पडलं नाही. उडून गेलेलं पाणी तांब्याने भरायचं, महिन्या-दोन महिन्यांनी बादलीभर काढून तुळशीला घालायचं, वाढलेलं हायड्रिला कातरायचं. एवढंच काम उरलं होतं. गप्पींना पिल्लं झाली.

उन्हाळ्यात मामा आला आणि बराच वेळ टाकीपुढे बसला. जाताना त्याने ओल्या कापडात गुंडाळून वॅलिसनेरियाची रोपं मागून नेली. त्याच्या जालन्याच्या घरी आता माती, वाळू आणि झाडं लावून झाली आहेत. मासे अजून आणलेले नाहीत.