सद्गुणांची रोजकीर्द

माझा एक भाचा पुण्यास नोकरीला असतो. त्याला संगणकाचा नाद आहे. कचेरींतला संगणक पोटासाठीं आणि घरचा हौसेसाठीं. हा घरचा संगणक म्हणजे 'रास्पबेरी पाय' नांवाची, खेळण्याच्या पत्त्याएवढी एक हिरवी पाटी. मुलांना ही विद्या स्वस्तांत शिकतां यावी म्हणून ती इंग्लंडांत २०१२ सालीं प्रथम विक्रीस निघाली. भाच्यानें तिच्यावर स्वतः रचलेली एक आज्ञावली बसविली आहे. किती वाजतां निजलों, किती चाललों, किती पानें वाचलीं, या सर्वांचे रकाने तींत आहेत. रोज रात्रीं तो ते भरतो आणि रविवारीं यंत्र आठवड्याचा आलेख काढून दाखवितें. मागील दिवाळींत त्यानें तो मला मोठ्या कौतुकानें दाखविला. पाहतां पाहतां माझी नजर एका रकान्यावर थबकली : 'आईशीं बोलणें – १० मिनिटें.' बहुतेक सर्व घरांत बरोबरची खूण होती. आई म्हणजे माझी धाकटी बहीण. ती गांवीं एकटी असते. तें वाचून मला बरें वाटलें नाहीं.

कां वाटलें नाहीं, याचा विचार मीं पुढें पुष्कळ केला. ही हौस कांहीं संगणकाबरोबर जन्मलेली नाहीं. अठराव्या शतकांत फिलाडेल्फिया येथें छापखाना चालविणाऱ्या बेंजामिन फ्रँकलिननें ऐन तारुण्यांत सर्वथा निर्दोष होण्याचा संकल्प केला. त्यानें तेरा सद्गुण निवडले, प्रत्येकाला वहींतील एक पान दिलें, तांबड्या शाईनें आठवड्याचे सात रकाने आंखले, आणि रोज रात्रीं त्या त्या दोषापुढें काळा ठिपका देण्याचा परिपाठ ठेविला. नवा फेरा सुरू करण्यासाठीं जुने ठिपके खरडतां खरडतां वहीला भोंकें पडलीं. तेव्हां त्यानें हस्तिदंती पानांची टिपणवही घेतली, म्हणजे शिसपेनीचे ठिपके ओल्या स्पंजानें पुसतां यावे. सर्वांत अधिक छळलें तें 'व्यवस्था' या गुणानें. आणि तेरावा गुण जो नम्रता, तो पुरता साधलाच तर आपल्याला त्या नम्रतेचाच गर्व होईल, अशी कबुली त्यानें आत्मचरित्रांत दिली आहे. असा प्रामाणिक हिशेबनीस विरळा!

आमच्या काळांतील स्टीफन वुल्फ्रम हे याच पंथाचे. १९८९ पासूनचा आपला ई-मेलचा पत्रव्यवहार आणि २००२ पासून कळफलकावर पडलेला आपल्या बोटाचा प्रत्येक ठोका त्यांनीं जपून ठेविला, आणि २०१२ सालीं त्याचे आलेख प्रसिद्ध केले. ठोके दहा कोटींच्या वर भरले. त्यांतील शेंकडा सातांच्या आसपास लिहिलेलें खोडण्याचे. मला हा आंकडा फार बोलका वाटला, आणि तितकाच मुकाही. माणूस किती वेळां खोडतो हें यंत्रानें सांगितलें; खोडलेलीं अक्षरेंही तें पुन्हा दाखवील; पण लाज वाटून खोडलें कीं केवळ बोट चुकलें म्हणून, हें ज्याचें त्यानेंच सांगावयाचें.

भाच्याची रोजकीर्द फ्रँकलिनच्या वहीहून एका बाबतींत अगदीं उलट आहे. तेथें खूण दोषाची होती आणि कोरें पान हें ध्येय होतें. येथें खूण पुण्याची आहे आणि भरलेलें पान हें ध्येय. दोषांचा हिशेब ठेवणारा निदान फुशारकी मारीत नाहीं. पुण्याचा हिशेब स्वतःच ठेवावयाचा म्हणजे चित्रगुप्ताची वही आपल्या उशाखालीं घेऊन निजण्यासारखें आहे. शिवाय रकाना भरण्यासाठीं आईशीं बोलणें हें प्रेम नव्हे, आणि ज्याला कांट कर्तव्यबुद्धि म्हणतो तीही नव्हे. खुणांची सांखळी तुटूं नये, एवढाच त्यांतील हेतु. मग त्या दहा मिनिटांची किंमत ती काय?

या निर्णयावर मी बराच काळ खूष होतों. अॅरिस्टॉटल मात्र आड येई. न्यायाचीं कृत्यें करीत गेल्यानेंच माणूस न्यायी होतो, असें तो सांगतो. आरंभीं मनांत न्याय हवाच, अशी त्याची अट नाहीं. आमच्या आयांनीं शुभंकरोति म्हणावयास लावलें तेव्हां आमच्या अंतःकरणांत भक्ति आहे कीं नाहीं, हें कोठें पाहिलें होतें?

अखेर गांवीं गेलों असतां तो विषय मीं बहिणीपुढें काढला, जपूनच काढला. ती हंसली. म्हणाली, "मला ठाऊक आहे, दादा. त्यानेंच दाखवलं. त्या रकान्याआधीं पंधरा-पंधरा दिवस त्याचा फोन येत नसे. आतां रोज येतो. नऊ मिनिटांत बोलणं संपलं तर मीच कांहींतरी विचारतें. उगीच त्याची खूण राहायला नको."

तेवढ्यांत फोन वाजला. तिनें भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलें आणि बोलावयास बसली. शेजारच्यांची म्हैस, दुखरा गुडघा, कोणाचेंसें लग्न, असें कायकाय निघालें. घड्याळाकडे तिनें पुन्हा पाहिलें नाहीं. मीं मात्र पाहिलें. बावीस मिनिटें झालीं होतीं. त्या रात्रीं त्या रकान्यांत खूण एकच पडली असेल.