समान कामापासून कंत्राटी कामापर्यंत

कामावर होणारा दुजाभाव कोर्टात नेता येतो, ही कल्पना महाराष्ट्रात आधी युनियनच्या बळावर रुजली. मुंबईच्या एका औषध कंपनीत पॅकिंगच्या कामावरच्या अविवाहित मुलीचे लग्न झाले की नोकरी आपोआप संपत असे. बॉम्बे लेबर युनियनने हा नियम सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला आणि 1965 साली तो रद्द झाला. लग्न झालेल्या बायका दांड्या मारतात, ही कंपनीची सबब. दांड्या मुलांमुळे होत असतील तर मुले असलेल्या विधवेच्याही होतील, असे न्यायालयाने सुनावले.

1981 चा एअर इंडियाचा निकाल मात्र अर्धामुर्धाच म्हणावा लागेल. पहिल्या गरोदरपणी हवाईसुंदरीला घरी बसवण्याचा नियम गेला. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केल्यास निवृत्त करण्याचा नियम टिकला.

खरे वळण आले ते 1976 च्या समान वेतन कायद्यानंतर. मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत ऑड्री डिकोस्टा स्टेनोग्राफर होत्या. पुरुष स्टेनोंपेक्षा त्यांना पगार कमी होता, आणि हा फरक युनियनशी झालेल्या करारातच होता! ज्या युनियनने दुजाभावाविरुद्ध लढायचे, तिचीच त्यावर सही. साहेबांच्या हाताखालच्या ‘लेडी स्टेनो’ हा वेगळाच वर्ग, असे कंपनी सांगत राहिली. 1987 साली सर्वोच्च न्यायालयाने पदाचे नाव बाजूला ठेवून प्रत्यक्ष काम पाहिले आणि डिकोस्टा यांच्या बाजूने निकाल दिला. करार झाला आहे किंवा कंपनीला परवडत नाही, यांपैकी कोणतीच सबब चालली नाही.

बाईच्या बाबतीत एवढे झाले. जातीवरून किंवा धर्मावरून नोकरी नाकारणाऱ्या खासगी कंपनीला कोर्टात खेचता येईल असा सर्वसाधारण कायदा मात्र देशात झालाच नाही. राज्यघटनेचे सोळावे कलम सरकारी नोकरीपुरते आहे.

महाराष्ट्राने 1971 च्या कायद्यात निराळी वाट काढली. गुणवत्ता न पाहता एका गटाला झुकते माप देणे आणि कायम करावे लागू नये म्हणून माणसाला वर्षानुवर्षे बदली किंवा टेंपररी ठेवणे, या दोन्ही गोष्टी ‘अनुचित कामगार प्रथा’ ठरल्या. म्हणजे दुजाभाव जन्मावरूनच होतो असे नाही, हजेरीपटावरूनही होतो. राज्याच्या आदर्श स्थायी आदेशांनुसार बारा महिन्यांत सलग 240 दिवस भरले की टेंपररी कामगार कायम व्हायला हवा. म्हणूनच 240 भरण्याआधी ‘ब्रेक’ देण्याची रीत पडली.

जालना रस्त्यावरचे करमाड हे गाव शेंद्रा एमआयडीसीच्या औद्योगिक वसाहतीला लागून आहे. अशा पट्ट्यात शिफ्टला जाणाऱ्या माणसाला ‘कायम की कंत्राटी?’ हा प्रश्न पगाराच्या आकड्याआधी विचारला जातो. एकाच लाइनवर एकच काम करणाऱ्या दोघांत याच शब्दाने फरक पडतो. डिकोस्टा यांच्या निकालाची कसोटी इथे लावावी, तर मध्ये ठेकेदार उभा असतो. 2001 साली सिप्लाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, कामगार कंपनीचा की ठेकेदाराचा, हाच वाद असेल तर 1971 च्या कायद्याखालची तक्रार चालणार नाही. आधी नाते दुसऱ्या मंचावर सिद्ध करावे लागेल. आणि कंत्राटी कामगाराच्या पगारपावतीवर नाव असते ठेकेदाराचे.