पहिले काही आठवडे

घाटकोपर असो की बोरिवली, स्टेशनाबाहेरच्या औषधाच्या दुकानात हे रोज घडतं. चिठ्ठी पुढे येते, नैराश्यावरच्या एस्सिटालोप्रामची स्ट्रिप निघते, ‘पाचच द्या’ म्हटलं की कात्री चालते. चिठ्ठीशिवाय विकू नये, ही ‘शेड्यूल एच’ची सूचना कधी गिऱ्हाइकाच्या तुकड्यावर येते, कधी दुकानातच राहते. माहितीपत्रक असलंच तर खोक्यात, तेही बारीक इंग्रजीत.

या गोळ्यांवरच्या इशाऱ्याचा वाद मोठा आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मुलांवरच्या २४ चाचण्या तपासल्या. मुलं सुमारे ४,४००. नैराश्यावरची गोळी घेणाऱ्यांपैकी ४ टक्के मुलांमध्ये आत्महत्येचे विचार किंवा तसं वर्तन दिसलं, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत २ टक्के. एकाही मुलाने आत्महत्या केली नव्हती. ऑक्टोबर २००४ मध्ये काळ्या चौकटीतला इशारा छापायचा आदेश निघाला. २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठीही लागू झाला. पासष्टीपुढच्यांत मात्र धोका कमी झालेला आढळला.

लक्ष ठेवा, एवढंच सांगायचं होतं. अनेकांनी ऐकलं, देऊ नका. अमेरिकेत मुलांना गोळ्या देणं घटलं, आणि उपचाराविना राहिलेल्यांचं काय झालं यावर संशोधकांचं अजून एकमत नाही.

मुंबईत भीती दुसऱ्या वाटेने आली. जून २०२० मध्ये अभिनेते सुशांतसिंह राजपूत गेले, तेव्हा त्यांच्या औषधांची नावं वाहिन्यांवरून घरोघरी पोचली. ती औषधं काम कशी करतात, हे क्वचितच कुणी सांगितलं. खरं तर घरच्यांना तेवढंच हवं असतं. गुण यायला काही आठवडे लागतात; त्याआधी काहींची झोप उडते, जीव कासावीस होतो, चिडचिड वाढते. डोस बदलल्यावरही असं होऊ शकतं. घाबरून गोळी एकदम बंद केली तर त्याचाही त्रास होतो. नैराश्य अंगावर काढणं तर त्याहून घातक.

म्हणून इशारा काढून टाकावा, हे पटत नाही. पण गर्दीच्या ओपीडीत काही मिनिटं मिळालेल्या, मग तीच जुनी चिठ्ठी दाखवून महिनोन्‌महिने गोळ्या नेणाऱ्या माणसाला तो नुसता छापून काय उपयोग? पहिली चिठ्ठी लिहितानाच डॉक्टरांनी आईला, नवऱ्याला, भावाला समोर बसवून मराठीत सांगायला हवं: अस्वस्थता वाढली, मरणाची भाषा आली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, लगेच या. चिठ्ठीवर दवाखान्याचा फोन असावा, आणि रात्री-अपरात्रीसाठी सरकारच्या टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत नंबरही.