जखमेनंतरचा 'मी'

पहिल्या महायुद्धात अंगावर ओरखडाही नसलेले कितीतरी सैनिक थरथरत, वाचा गेलेल्या अवस्थेत आघाडीवरून परतले. ऑस्ट्रियात अशांना विजेचे झटके देत. हेतू हा, की त्या यातनेपेक्षा खंदक बरा वाटावा. सप्टेंबर १९१८ मध्ये बुडापेस्टला मनोविश्लेषकांची परिषद भरली ती याच आजारावर. पुढच्या वर्षी मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने लिहिले की या माणसात दोन 'मी' झगडत असतात. एक जुना, शांततेतला. दुसरा युद्धाने घडवलेला. नव्याच्या साहसापायी आपला जीव जाणार हे उमगले, की जुना आजारपणाचा आसरा घेतो. पेशाने सैनिक असलेल्यांच्या किंवा भाडोत्री फौजेत मात्र हा आजार संभवत नाही, असेही त्याचे म्हणणे.

हे मला पटत नाही. स्वखुशीने भरती झालेल्या सातारच्या जवानालाही घरचा 'मी' असतोच. सुट्टीवर आला की तोही बांधावरून भावकीशी भांडतो!

१९२० मध्ये फ्रॉइडने आणखी एक चमत्कारिक निरीक्षण मांडले: धक्क्याच्या वेळीच शरीराला जखम झाली, तर मनाचा आजार सहसा टळतो. मोकाट सुटलेली मानसिक शक्ती दुखऱ्या अवयवाभोवती बांधली जाते. त्यात मी एवढेच घालीन, की जखमेला समाज मान देतो आणि थरथरीला भित्रेपणा म्हणतो. पण १९२३ मध्ये फ्रॉइडच म्हणाला की 'मी' हा मुळात शरीराचा असतो. मग पाय गेला, की आपण कोण, हा प्रश्न जखम भरल्यावरच सुरू होणार.

सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते अपंग झाले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक त्यांनी जिंकले. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. ही कथा आपल्याला आवडते, कारण तीत लढणारा 'मी' पुन्हा जिंकतो. पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रातून नवा पाय घेऊन गावी परतणाऱ्या प्रत्येकाला पदक मिळत नाही, आणि नसलेल्या पायाची बोटे त्याला रात्री दुखतात.

प्रजासत्ताक दिनी शाल-श्रीफळ देऊन आपण त्याच्यातल्या लढवय्याचा सत्कार करतो. त्याच्यातल्या दुसऱ्या, घरच्या 'मी'शी कुणी बोलतच नाही. भाषणे जरा आवरती घ्या आणि त्याला झोप लागते का, एवढे तरी विचारा.